नकाशाच्या कोपऱ्यातली सही : मुंबईत 'आर्किटेक्ट' कसा घडला

जुन्या इमारतीचा नकाशा हातात आला की आपण आधी इमारत बघतो. तुम्ही उजवीकडचा खालचा कोपरा बघायची सवय लावा. तिथे एक चौकट असते. नकाशा कोणी काढला, कोणी ट्रेस केला, कोणी तपासला आणि शेवटी कोणाच्या सहीने तो ऑफिसबाहेर पडला, याचे रकाने तिच्यात असतात. पहिल्या तीन रकान्यांत बहुधा नुसती आद्याक्षरं सापडतात. चौथ्यात पूर्ण नाव असतं, सही असते, कधी नावामागे पदव्यांची रांगही असते. माझं पीएचडीचं काम बरंचसं या चार रकान्यांमधल्या अंतराबद्दल आहे.

हे सांगायचं कारण म्हणजे, तुमच्यापैकी अनेकजण आर्किटेक्चर, इतिहास किंवा समाजशास्त्रात संशोधनाची तयारी करताय आणि विषय कसा शोधायचा यावर अडलाय. मी सुचवेन की घरी हमखास विचारला जाणारा प्रश्नच उचला. 'आर्किटेक्चरला पुढे स्कोप आहे का?' प्रश्न साधा दिसतो, पण त्यात तीन प्रश्न दडलेत : स्कोप कोणाला, कोणत्या कामाला, आणि तो ठरवला कोणी? या तिन्हींची उत्तरं गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलली आहेत. म्हणजे हा करिअर मार्गदर्शनाचा प्रश्न वाटला तरी इतिहासाचाही आहे.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत वास्तुविशारद, वास्तुरचनाकार, वास्तुशिल्पी असे तीन-चार शब्द फिरतात, एकही नीट रुजलेला नाही. 'वास्तुशास्त्र शिकलोय' म्हणावं तर समोरचा देवघर कुठल्या दिशेला हवं ते विचारतो. आणि तालुक्याच्या गावी घराचा प्लॅन काढून देणाऱ्या माणसाला लोक सरसकट 'इंजिनिअर साहेब' म्हणतात. याचा वैताग करून घेऊ नका. हा पुरावा आहे. ज्या व्यवसायाला लोकभाषेत पक्कं नाव नाही, त्याची हद्दही पक्की झालेली नसते.

आता मुंबईकडे वळू. व्हिक्टोरिया टर्मिनस म्हटलं की फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे नाव येतं. १८७८ ला काम सुरू झालं, १८८८ ला पुरं झालं. स्टीव्हन्स मुळात पीडब्ल्यूडीत इंजिनिअर म्हणून भारतात आले होते. त्यांच्याबरोबर या कामावर सीताराम खंडेराव वैद्य सहायक इंजिनिअर होते, शिवाय जनार्दन आडनावाचे एक सुपरवायझर होते. दगडातलं आणि लाकडातलं बरंचसं नक्षीकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं. म्हणजे एका इमारतीत साहेब आहे, एतद्देशीय इंजिनिअर आहे, विद्यार्थी आहेत, आणि ज्यांची आद्याक्षरंही कुठे उरली नाहीत असे शेकडो पाथरवट आणि गवंडी आहेत. पर्यटकांच्या पुस्तिकेत एकच नाव उरतं.

वैद्यांची गोष्ट पुढे जाते, आणि संशोधन करू पाहणाऱ्यांनी ती मुद्दाम लक्षात ठेवावी. ताजमहाल हॉटेलची दंतकथा तुम्ही ऐकली असेलच : परदेशी आर्किटेक्टने नकाशा पाठवला, इथल्यांनी इमारत उलट्या तोंडाची बांधली, तो बोटीतून उतरला, बघून हादरला आणि त्याने जीव दिला. या कथेला काही आधार नाही. ताजची रचना केली ती याच सीताराम खंडेराव वैद्यांनी, डी. एन. मिर्झा यांच्या साथीने. काम पुरं व्हायच्या आधी वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनिअरने ते तडीस नेलं. हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये उघडलं.

दंतकथा खोटी आहे, एवढ्यावर थांबू नका. ती टिकली का, हे विचारा. तिच्यात दोन समजुती गृहीत धरलेल्या आहेत. एक, एवढी भव्य इमारत सुचलेला माणूस परदेशीच असणार. दोन, इथली माणसं फक्त बांधणारी, तीही चुकीचं बांधणारी. माझ्या मते मुंबईत 'आर्किटेक्ट' या शब्दाला कसला वास होता हे कळायला ही खोटी गोष्ट कित्येक खऱ्या कागदांपेक्षा जास्त कामाची आहे. अफवेलाही साधन म्हणून वाचता येतं. फक्त ती कशाचा पुरावा आहे, याचं भान सुटता कामा नये.

वैद्यांच्या पिढीत 'आर्किटेक्ट' होण्याचा इथे सरळ मार्गच नव्हता. पुण्यात १८५४ पासून इंजिनिअरिंगचं शिक्षण होतं आणि तिथून बाहेर पडणारे सरकारी बांधकाम खात्यात लागत. मंचेरजी कावसजी मुर्झबान हे त्यातलं ठळक नाव, कामा हॉस्पिटलवाले. रचना करणं हा इंजिनिअरकीचाच भाग मानला जाई.

मग १८९६ साल येतं. जेजेमध्ये आर्किटेक्चरच्या ड्राफ्ट्समनसाठी वर्ग सुरू झाला. नाव परत वाचा. वर्ग ड्राफ्ट्समनचा आहे. युरोपियन आर्किटेक्टच्या हाताखाली स्वच्छ, मापात नकाशे काढणारी मुलं तयार करणं हा त्याचा हेतू. आज ज्याला देशातलं आर्किटेक्चरचं आद्य शिक्षण म्हणून आपण मिरवतो, ते सुरू झालं पहिल्या तीन रकान्यांसाठी. चौथ्या रकान्याचा अभ्यासक्रमच नव्हता.

त्याच सुमारास मुंबई सरकारने कन्सल्टिंग आर्किटेक्ट असं पद निर्माण केलं. जॉन बेग आले, त्यांच्यानंतर जॉर्ज विटेट. जनरल पोस्ट ऑफिस बेग यांचं. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आणि गेटवे विटेट यांचे. हे दोघे इंजिनिअर नव्हते, रीतसर आर्किटेक्ट होते. त्यामुळे खात्यात पहिल्यांदा एक रेघ मारली गेली : रचना यांची, बांधकाम त्यांचं. आणि रेघ मारली की तिच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं हा प्रश्न जेजेच्या पोरांपुढे आलाच.

त्यांनी काय केलं? १२ मे १९१७ ला जेजेच्या माजी विद्यार्थ्यांनी संघटना काढली. नाव होतं आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन, अध्यक्ष जॉर्ज विटेट. १९२२ मध्ये तिचं नाव बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झालं. १९२५ मध्ये ती लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सशी संलग्न झाली. १९२९ मध्ये तिचं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झालं. ही तारखांची जंत्री पाठ करू नका, पण नावं एका ओळीत लिहून बघा. विद्यार्थी, मग मुंबई, मग इंडियन. बारा वर्षांत ड्राफ्ट्समनच्या वर्गातून निघालेली मुलं अख्ख्या देशाच्या व्यवसायाचे प्रतिनिधी म्हणून उभी राहिली. इंग्रज अध्यक्ष आणि लंडनची संलग्नता ही गुलामी होती की चतुराई, यावर वाद घालता येईल. मला ती चतुराई वाटते. ज्या दारावर पाटी लंडनची, ते दार उघडायला लंडनचीच किल्ली लागणार.

या काळातले शिक्षक क्लॉड बॅटली. १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षं ते जेजेच्या आर्किटेक्चर विभागाचे प्रमुख होते, शिवाय ग्रेगसन, बॅटली अँड किंग या बड्या फर्ममध्ये भागीदार. ते विद्यार्थ्यांना जुन्या देवळांत, वाड्यांत, मशिदींत पाठवत आणि मापं घेऊन रेखाटनं करायला लावत. भारतीय वास्तुकलेवरचं त्यांचं १९३४ चं पुस्तक या परंपरेतूनच आलं. मुखपृष्ठावर नाव बॅटलींचं. मोजपट्टीचं दुसरं टोक कोणी धरलं होतं, हा मात्र अजून कोणीतरी नीट करायचा अभ्यास आहे. (विषय शोधताय ना?)

तिसाच्या दशकात गाडी वेगात येते. सिमेंट-काँक्रीट स्वस्त होत होतं, बॅकबेला भराव घालून नवी जमीन निघाली होती, आणि मरीन ड्राइव्ह, ओव्हल, दादर, माटुंगा इथे फ्लॅटवाल्या इमारती उभ्या राहत होत्या. गजानन बाबूराव म्हात्रे यांचं सूना महाल १९३७ चं. मास्टर, साठे अँड भुता यांची न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत त्याच सुमाराची. पेरीन जमशेदजी मिस्त्री १९३६ मध्ये जेजेतून पदविका घेऊन बाहेर पडल्या. आर्किटेक्ट म्हणून रीतसर शिकलेल्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांची नोंद आहे. पुढे त्या वडिलांच्या फर्ममध्ये गेल्या. आडनाव मिस्त्री आणि घरची फर्म, या दोन्ही गोष्टी एकत्र वाचा. दार कोणासाठी आतून उघडं होतं ते कळतं.

पण या दशकातला खरा प्रश्न कामाचा होता. राजेराजवाडे आणि विमा कंपन्या किती पुरणार? मध्यमवर्गाला पटवायला हवं होतं की घर बांधायला आर्किटेक्ट लागतो. एकेका आर्किटेक्टने जाहिरात करणं व्यावसायिक शिष्टाचारात बसत नव्हतं. म्हणून संस्थेने सगळ्यांच्या वतीने १९३७ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आयडियल होम प्रदर्शन भरवलं. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर कसं असावं ते प्रत्यक्ष मांडून दाखवलं. लोकांनी गर्दी केली.

आणि त्याच वेळी पुण्यात आर. एस. देशपांडे नावाचे निवृत्त इंजिनिअर काय करत होते? १९३१ पासून ते घरबांधणीवर पुस्तकं काढत होते. तयार प्लॅन, खर्चाचे अंदाज, हवा-उजेडाचे नियम, संडास कुठे काढावा, सगळं पुस्तकात. काही रुपयांत पुस्तक घ्या, गवंडी बोलवा, घर बांधा. आर्किटेक्टची गरज काय? इतिहासाच्या पुस्तकांत म्हात्रे आणि साठे असतात, देशपांडे अगदी अलीकडे यायला लागलेत. पण नाशिक, सातारा, सोलापूरच्या जुन्या कॉलन्यांत हिंडताना मला स्वतःला म्हात्र्यांपेक्षा देशपांड्यांच्या पुस्तकातली घरं जास्त आठवतात. आज इंटरनेटवर तयार प्लॅन मिळतात म्हणून हळहळणाऱ्यांनी ही जुनी स्पर्धा लक्षात घ्यावी.

स्वातंत्र्यानंतरचा भाग तुम्हाला बऱ्यापैकी माहीत असतो, म्हणून पटकन जातो. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे जेजेतून हार्वर्डला गेले, परत येऊन सरकारी वैज्ञानिक संस्थांच्या इमारती करू लागले. आयआयटी कानपूर त्यांचं. नवं राज्य हेच नवं मोठं गिऱ्हाईक होतं. पुण्याचे बाळकृष्ण दोशी जेजे सोडून लंडनमार्गे पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे पोहोचले आणि सुरुवातीचे काही महिने बिनपगारी राबले, असं ते स्वतः सांगत. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर मिळालं. ही गोष्ट आपल्या कॉलेजांत प्रेरणा म्हणून सांगितली जाते. पण ती सांगून झाल्यावर समोरच्या मुलीला तुटपुंज्या स्टायपेंडवर रात्री अकरापर्यंत बसवणं सोपं जातं, हेही पाहायला हवं. बिनपगारी उमेदवारी ज्याच्या घरी परवडते, त्याचाच वारसा मग 'परंपरा' म्हणून पुढे येतो.

आता कायदा. इथे जरा थांबू, कारण सगळा पेच इथे आहे. आर्किटेक्ट्स अॅक्ट १९७२ मध्ये आला आणि त्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर स्थापन झाली. पदवी नसली तरी आधीची किमान पाच वर्षं व्यवसायात असलेल्यांना सुरुवातीच्या रजिस्टरमध्ये नाव घालायची मुभा होती. म्हणजे जुन्या वाटेने आलेल्यांना एकदा आत घेतलं आणि मग दार लावलं. या कायद्याचं कलम ३७ काढून वाचा. नोंदणी नसलेल्याने 'आर्किटेक्ट' हे बिरुद वापरू नये, असं ते म्हणतं. इमारतीची रचना करू नये, असं म्हणत नाही.

वकील आणि डॉक्टरांच्या कायद्यांशी ताडून पाहा. सनद नसलेल्याला वकिली करता येत नाही. नोंदणी नसलेल्याला डॉक्टरकी करता येत नाही. आर्किटेक्टच्या बाबतीत मात्र कायदा नाव राखतो, काम राखत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर विरुद्ध मुकेश गोयल या निकालात हेच स्पष्ट केलं. प्रकरण नोएडा प्राधिकरणातल्या बढतीचं होतं. न्यायालयाने सांगितलं की नोंदणी नसलेल्याला तसलं काम करण्यापासून हे कलम रोखत नाही, पण पदाच्या नावात 'आर्किटेक्ट' हा शब्द मात्र लावता येणार नाही. व्यवसायातल्या अनेकांना हा धक्का वाटला. तुम्ही १८९६ पासून इथवर आला असाल तर तुम्हाला वाटणार नाही. १९१७ पासून लढाई नावाचीच होती, आणि नाव मिळालं. काम पूर्वीसारखंच मिस्त्री, इंजिनिअर, लायसन्स्ड सर्व्हेअर आणि बिल्डर यांच्यात वाटलेलं राहिलं.

मग आज बदलतंय काय? माझ्या मते सहीचा अर्थ बदलतोय. साठच्या दशकातल्या विकास आराखड्याबरोबर मुंबईत एफएसआयचा हिशेब आला आणि १९९१ च्या नियमावलीत टीडीआर आला, तेव्हापासून इमारतीचा आकार नियमांच्या पुस्तकातून ठरायला लागला. त्यातून मुंबईत 'लायझनिंग आर्किटेक्ट' ही जात तयार झाली. एका इमारतीला दोन आर्किटेक्ट : एक डिझाइनवाला, दुसरा महापालिकेतून प्लॅन पास करून आणणारा. मासिकात फोटो पहिल्याचा छापतात. प्रकल्प अडतो तो दुसऱ्यावाचून. पुढे २०१६ चा रेरा आला. ग्राहकांच्या पैशातली ७० टक्के रक्कम बिल्डरने वेगळ्या खात्यात ठेवायची, आणि ती काढायची तर इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए अशा तिघांचं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी सही सांगत होती की हे मी रचलं. आता ती सांगते की एवढं बांधून झालंय, पैसे सोडा. फ्लॅट घेणाऱ्याच्या दृष्टीने या दुसऱ्या सहीची किंमत जास्त आहे. आपल्या अभ्यासक्रमात तिला किती तास मिळतात, ते ज्याने त्याने मोजावं.

खालच्या तीन रकान्यांचं काय झालं? ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आलं आणि नव्वदीत इथल्या ऑफिसांत स्थिरावलं. ट्रेसर ही नोकरी गेली. टी-स्क्वेअर, ब्लेडने खरवडून पुसलेली शाई, अमोनिया प्रिंटचा नाक झोंबणारा वास, सगळं एका पिढीत संपलं. काही ड्राफ्ट्समन कॅड शिकले, बाकीचे गावी गेले किंवा झेरॉक्सच्या दुकानात लागले. त्याच संगणकाने उलटी वाटही उघडली : परदेशी ऑफिसांतली कच्ची रेखाटनं संध्याकाळी इथे येतात आणि रात्रीतून पक्की होऊन परत जातात. आर्किटेक्टची पाच वर्षांची पदवी घेऊन दुसऱ्या देशातल्या सहीसाठी नकाशे काढणं, हे १८९६ च्या वर्गाच्या किती जवळ जातं ते बघा. आता एआय मिनिटभरात दहा दर्शनी बाजू काढून देतं. ते आर्किटेक्टचं काम खाईल का, हे मला मोठा आवाज करणाऱ्यांइतकं स्पष्ट दिसत नाही. पण इतिहासात प्रत्येक वेळी नवं साधन आलं की आधी आद्याक्षरवाला हलला, पूर्ण नाववाला नंतर. या क्षेत्रात पहिली नोकरी शोधणारे तुम्ही सगळे सध्या आद्याक्षरवाले आहात. म्हणून 'स्कोप'चा प्रश्न तुमच्यासाठी पुस्तकी नाही.

आता कामाचं. हा विषय घ्यायचा असेल तर महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात, फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, पीडब्ल्यूडीचे जुने खंड आहेत. शिक्षण खात्याच्या वार्षिक अहवालांत जेजेचा भाग असतो. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं जर्नल १९३४ पासूनचं आहे. त्यातले लेख जरूर वाचा, पण मागच्या पानांवरच्या सिमेंट, फरशी, लिफ्टच्या जाहिराती सोडू नका. दोन सापळे सांगून ठेवतो. पहिला, एका थोर आर्किटेक्टचं चरित्र लिहून त्यालाच व्यवसायाचा इतिहास म्हणणं. दुसरा याच्या उलट : मिस्त्रीवर आपलं प्रेम बसतं आणि पुरावा नसताना सगळं श्रेय त्याला देऊन टाकावंसं वाटतं. आद्याक्षरं कधीकधी आद्याक्षरंच राहतात. 'व्ही. एस. जी.' म्हणजे कोण हे नाही सापडलं, तर तसंच लिहायचं. त्याने प्रबंधाला कमीपणा येत नाही.

शेवटची गोष्ट घाईची आहे. अमोनिया प्रिंट उजेडात पडल्या की फिक्या होत जातात, आणि जुनी ऑफिसं बंद होताना नळकांडीच्या नळकांडी रद्दीत जातात. सत्तरच्या दशकात ट्रेसिंग करणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. डोंबिवलीत, विरारला, लालबागच्या चाळींत ती सापडतात. त्यांच्याकडे जाताना 'तुमचं आर्किटेक्चरमधलं योगदान काय' असलं काही विचारू नका, ते संकोचतात आणि साहेबांचंच नाव घेतात. ऑफिसात ट्रेसिंगचं टेबल कुठे होतं, खिडकी कुठल्या हाताला होती, प्रिंट काढायला कोण जायचं, पगार कोणाच्या हातून मिळायचा, हे विचारा. कागद-पेन पुढे करा. बहुतेकजण बोलता बोलता ऑफिसचा प्लॅनच काढून देतात, मापासकट. त्यावर त्यांची पूर्ण नावाची सही घ्या आणि तारीख घाला.